सतरा नंबरचं कार्ड

अपूर्णांकांचा पाठ संपला की मी फळ्याकडून वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, "समजलं का?" पाचवीची अठ्ठावीस मुलं एका सुरात म्हणायची, "हो मॅडम!" त्या सुराच्या भरवशावर मी कितीतरी वर्षं निर्धास्त मनाने घरी गेले. मग चाचणीचे पेपर तपासायला बसायचे आणि निम्म्या वर्गाच्या पेपरांत तीच ती चूक निघायची. ती काही परीक्षेच्या दिवशी झालेली नसायची. पाठ शिकवला त्या दिवसापासून ती तिथेच बसलेली असायची आणि मला तिचा पत्ता नसायचा.

मुलं खोटं बोलत नव्हती. काहींना खरंच समजल्यासारखं वाटत असे. काहींचा 'हो' शेजाऱ्याच्या 'हो'मागून येत असे. आणि काहींना आपल्याला समजलेलं नाही हेच सांगता येत नव्हतं, कारण ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे आम्ही त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षं शिकवते आहे. माझं माहेर संगमनेरकडचं. इथली मुलं घरी अहिराणी बोलतात, काही घरांत भिली. मी आले तेव्हा त्यांचं बोलणं मला अर्धमुर्धं कळायचं आणि माझं पुस्तकी बोलणं त्यांना त्याहूनही कमी. 'समजलं का' हा प्रश्न माझ्या भाषेतला आणि 'हो मॅडम' हे उत्तर शाळेच्या भाषेतलं. मुलांच्या मनात जे काही चाललेलं असायचं ते तिसऱ्याच भाषेत, आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती.

म्हणून वर्गात उपयोगी पडणाऱ्या ऑनलाइन साधनांबद्दल कुणी विचारलं की माझ्या तोंडी पहिलं नाव येतं ते प्लिकर्सचं. त्यात भपका काहीच नाही. मुलांच्या हातात फोन लागत नाही, टॅब लागत नाही. लागतात ती कागदाची कार्डं. प्रत्येक कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं वेडंवाकडं चित्र असतं, दुरून क्यूआर कोडसारखं दिसणारं. कार्डाला चार बाजू आणि प्रत्येक बाजूला ए, बी, सी, डी यांतलं एकेक अक्षर, तेही इतकं बारीक की मागच्या मुलाला वाचता येत नाही. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. मी दारापाशी उभी राहून फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवते आणि स्क्रीनवर एकेका मुलाचं उत्तर उमटत जातं. प्रत्येक कार्डाला नंबर असतो आणि तो नंबर त्या मुलाचा. नेट लागतं ते माझ्या एकटीच्या फोनला. प्रश्न मी आदल्या रात्री घरी तयार करून ठेवते. मुलांची नावं मी कुठेच भरत नाही, नुसते नंबर भरते. लहान लेकरांची नावं कुठल्याशा दूरच्या संगणकावर ठेवायची माझी तयारी नाही.

कार्डं पहिल्यांदा छापून आणली तेव्हा टिकावीत म्हणून साक्रीच्या दुकानातून चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं. खिडकीतल्या उन्हाची तिरीप त्यावर पडायची आणि कॅमेऱ्याला निम्मी कार्डं दिसायचीच नाहीत. मग पुन्हा साध्या कागदावर छापली आणि मुलांनी ती जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवली. तीच आजही चालतात. कार्ड कडेने धरायचं, चित्रावर बोटं येऊ द्यायची नाहीत, हे मुलांच्या अंगवळणी पडायला दोन दिवस लागले.

पहिला प्रश्न होता: तीन चतुर्थांश मोठा की तीन पंचमांश? आदल्याच दिवशी शिकवून झालेलं, 'हो मॅडम'ही म्हणून झालेलं. अठ्ठावीसपैकी एकोणीस कार्डं 'तीन पंचमांश' सांगत वर आली. त्यांत माझ्या मते वर्गातली सगळ्यात हुशार असलेली चारही होती. मी फोनकडे पाहत काही क्षण तशीच उभी राहिले. पाच हा चारापेक्षा मोठा, म्हणून पाच खाली असलेला अपूर्णांकही मोठा. मुलांच्या दृष्टीने हे किती सरळ आहे! चार वर्षं आम्हीच त्यांना शिकवलं की पाच मोठा. आता तो आकडा रेषेखाली गेला की उलटं होतं, हे नुसतं सांगून कसं पटावं? शिकवताना मी भाकरीचं चित्र काढलं होतं, पण ते मी काढलं होतं. त्यांनी ते नुसतं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेचा लॅपटॉप मधोमध ठेवून आम्ही फेटचं अपूर्णांकांचं सिम्युलेशन उघडलं. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा बोल्डर इथला प्रकल्प. कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस शाळकरी पोरांना समजावं म्हणून बसून चित्रं हलती करतो, याचं मला अतिशय अप्रूप वाटतं. ही सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. आमच्याकडे हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात इथे नेट असतं तेव्हा वीज नसते आणि वीज असते तेव्हा नेट नसतं.

मुलं पाळीपाळीने पुढे आली. गोलाचे चार भाग, पाच भाग, सहा भाग. भाग वाढतात तसतसा तुकडा बारीक होत जातो, हे ती स्वतःच्या बोटाने करून पाहत होती. मागे बसणारा एक मुलगा एकदम ओरडला, "मॅडम, जास्त वाटेकरी झाले की वाटा कमी!" त्याच्या घरी शेतीच्या वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या. हे वाक्य मी पाठ घेताना कधीच बोलले नव्हते. आता ते आमच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि दर वर्षी नव्या पाचवीला ते मी त्या मुलाच्या नावानेच सांगते.

प्लिकर्सबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. चार पर्यायांतला डी हा मी कायम एकच ठेवते: 'मला अजून समजलं नाही.' पहिले तीन आठवडे डी कुणीच वर केला नाही. चुकीचं का होईना, काहीतरी उत्तर द्यायचं ही सवय फार खोल गेलेली. चौथ्या आठवड्यात कोनांच्या प्रश्नाला सतरा नंबरचं कार्ड डी घेऊन वर आलं. ते खिडकीजवळ बसणाऱ्या, क्वचितच बोलणाऱ्या एका मुलीचं होतं. वर्गात कुणालाही ते कळलं नाही, कारण अक्षर कुणाला दिसत नाही. मला मात्र कळलं. मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही दोघींनी दाराच्या बिजागरीवर कोन पाहिला. पुढच्या आठवड्यात पाच डी आले. मुलांनी आपापसांत काय ठरवलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण माझ्या शाळेत 'नाही' म्हणणं सुरू झालं ते त्या दिवसापासून.

पडद्यावर जे सहज दिसतं ते आधी हाताने करून पाहायचं, हा नियम मी पुढे लावून घेतला. सातवीला विद्युत परिपथ शिकवताना आधी बाजारातून आणलेला टॉर्चचा सेल, तार आणि छोटा दिवा मुलांच्या हातात देते. तो पेटला की मग फेटचं परिपथाचं सिम्युलेशन उघडते, कारण तारेच्या आत काय वाहतं ते टॉर्चच्या तारेत दिसत नाही आणि इथे दिसतं. इथे पेन्सिल लावून पाहता येते, नाणं लावून पाहता येतं, खोडरबर लावून पाहता येतं. आणि बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर ज्वाळा उठतात. ते पाहून एका मुलीने घरातल्या छपराखालून गेलेल्या, उघड्या पडलेल्या वायरीबद्दल सांगितलं. त्या रविवारी मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. ती वायर बदलली गेली. धड्यात याचा कुठे उल्लेख नाही.

क्यूआर कोडबद्दल लिहायचं तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव घ्यावंच लागेल. माढा तालुक्यातलं हे छोटं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरची रक्कम, आणि त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. शाळा बंद होत्या, आम्ही सगळे आपापल्या घरांत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर त्या संध्याकाळी शिक्षकांचे इतके निरोप आले की फोन हातात तापला. एका जिल्हा परिषदेच्या गुरुजींचं नाव जगभर घेतलं जात होतं. आमच्यातले अनेक जण रडले, मीही रडले.

तो कोड आज बालभारतीच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक पाठापाशी असतो आणि दीक्षा या सरकारच्या शिक्षण-ॲपवर उघडतो. दीक्षा सुरू झालं ५ सप्टेंबर २०१७ ला. नव्या शिक्षकांना मी एक छोटी गोष्ट आवर्जून सांगते: कोडच्या खाली सहा अक्षरांचा एक संकेतांक छापलेला असतो. पालकांचा फोन जुना असेल, कॅमेऱ्याची काच फुटलेली असेल, तरी तो संकेतांक टाइप केला की तोच पाठ उघडतो. टाळेबंदीत आमच्या गावात हा एवढासा संकेतांक फार कामाला आला. ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्या ओट्यावर शेजारची मुलं जमायची.

पण दीक्षावरचे व्हिडिओ मी वर्गात पूर्ण कधीच लावत नाही. दीड मिनिट लावते, थांबवते आणि विचारते, पुढे काय होईल? व्हिडिओ चालू असताना वर्ग शांत असतो आणि ती शांतता शिक्षकाला फार मोहवते. मी स्वतः त्या मोहात एक सबंध वर्ष काढलं आहे. त्या वर्षी माझ्या मुलांनी खूप काही पाहिलं आणि फार थोडं सांगितलं.

एका प्रशिक्षणात दोन दिवसांत आम्हाला चौदा ॲप्स दाखवली होती. शेवटी प्रत्येकाने किती उतरवून घेतली याची हात वर करून मोजणी झाली. मुलांनी वर्गात काय केलं, हे कुणी विचारलं नाही. आम्हा शिक्षकांच्या फोनवर आज वर्गात वापरायची साधनं थोडी आणि वर माहिती पाठवायची साधनं भरमसाट आहेत. पोषण आहाराची रोजची संख्या, हजेरी, अमुक लिंक आज पाचच्या आत भरा, तमुक फोटो टाका. भर तासाला फोन वाजतो आणि खडू खाली ठेवावा लागतो. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. ज्या फोनवरून मुलाच्या मनातलं मला कळू शकतं, त्याच फोनने मुलाकडे पाहायचा माझा वेळ ओरबाडून घ्यावा, हे बरोबर नाही.

वाचनाचं एक ॲप आम्ही दोन वर्षं वापरलं. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, बरोबर शब्द आला की शाबासकी देतो. लाजऱ्या मुलांना त्याचा खरोखर फायदा झाला, कारण फोनसमोर चुकताना कुणी हसत नाही. पण एक अडचण निघाली. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया'. मुलं पुस्तकातला 'काळा' वाचायची ती आपल्या जिभेने, आणि फोनला ते चूक वाटायचं. एक मुलगा सात वेळा 'काया' म्हणाला, आठव्यांदा त्याने फोन खाली ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. त्याला उत्तम वाचता येत होतं. त्या दिवसापासून ते ॲप वापरताना मी शेजारी बसू लागले आणि मुलांना सांगू लागले, तू बरोबर वाचलंस, याला आपली बोली अजून शिकायची आहे.

याच कारणाने मी स्टोरीवीव्हरकडे वळले. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे गोष्टींचं मोकळं भांडार. चार पातळ्यांवरच्या सचित्र गोष्टी, मराठीतल्याही पुष्कळ. वाचायच्या, छापायच्या, उतरवून घ्यायच्या, कुणाची परवानगी मागायची नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातली चित्रं तशीच ठेवून गोष्ट आपल्या बोलीत लिहिता येते. आम्ही एक छोटी गोष्ट अहिराणीत केली. मी एकेक वाक्य वाचायचे आणि मुलं सांगायची, "मॅडम, आमच्यात असं नही म्हणत." एका 'तिथे'वरून वाद झाला: 'तठे' की 'तथा'? गावाच्या दोन आळ्यांत दोन तऱ्हा निघाल्या. शेवटी पोरं आजीला विचारून आली. आजीने निकाल दिला आणि 'तठे' कायम झालं. व्याकरणाचा इतका जिवंत तास मी घेतला नव्हता.

त्या वादातून आम्ही शब्दकोशापर्यंत पोचलो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंड निघालेला, आता ऑनलाइन शोधता येतो. त्यात कोकणी, वऱ्हाडी, खानदेशी अशा प्रांतांच्या खुणा शब्दांपुढे दिलेल्या असतात. मुलांनी घरून शब्द गोळा करून आणले, मी ते एकेक करून शोधले. बरेच सापडले नाहीत. जे सापडले त्यांतल्या एकापुढे खानदेशची खूण होती. एवढ्या जाड पुस्तकात आपला शब्द आहे हे कळल्यावर ज्याने तो शब्द आणला होता त्या मुलाने तो वहीच्या पहिल्या पानावर, आपल्या नावाच्या वर लिहिला. न सापडलेल्या शब्दांची आम्ही वेगळी वही केली आहे. ती आता दोनशे पानी वहीच्या निम्म्यावर आली.

हल्ली चॅटबॉटबद्दल सगळे विचारतात. मी सरावाचे प्रश्न तयार करायला तो वापरते आणि त्याने माझा वेळ वाचतो हे खरं आहे. पण शाब्दिक उदाहरणांत तो पिझ्झाचे तुकडे करतो आणि मराठी अशी लिहितो की मुलं वाक्याच्या मध्येच अडकतात. म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य मी पुन्हा लिहिते. पिझ्झाच्या जागी भाकरी, मेट्रोच्या जागी कोंडाईबारीच्या घाटातून जाणारा ट्रक. मुलांच्या वह्यांचं मूल्यमापन मात्र मी त्याच्याकडे कधीच देणार नाही. ते माझं काम आहे, आणि त्यातच मला मुलं दिसतात.

आता सतरा नंबरविषयी.

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं बंद होतात. माणसं मुकादमाच्या ट्रकमधून गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोलीच्या बाजूला. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. काही मुलं बरोबर जातात, त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. काही मागे आजीपाशी राहतात. खिडकीजवळची ती मुलगी त्या वर्षी मागे राहिली होती.

डिसेंबरात भूगोलाच्या तासाला मी गुगल अर्थ उघडलं. मुलांना आधी शाळा दाखवली: वरून पाहिलेलं आमचं लाल कौलांचं छप्पर, मागचं चिंचेचं झाड, ओढा. प्रत्येकाला आपापलं घर शोधायचं होतं. आरडाओरडा झाला. मग ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मनी माय कोठे शे?"

वर्ग आपोआप गप्प झाला. निम्म्या मुलांचा प्रश्न तोच होता: माझी आई कुठे आहे?

आम्ही महामार्ग पकडला. दहिवेल, मग कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर. तिथून हद्द ओलांडली. सोनगडजवळ उजव्या हाताला उकाईचं मोठं पाणी दिसलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ही तापीच. धुळे जिल्ह्यातून जाणारी तापी पुढे तिथे अडवली आहे, हे पुस्तकात होतं, पण त्या क्षणी ते सगळ्यांना खरोखर कळलं. मग व्यारा, मग बारडोली, आणि भोवती हिरव्या चौकटी, उसाच्या. मोजपट्टीचं साधन घेऊन तिने स्वतः रेघ ओढली. शाळेपासून तिथवर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. तिने तो आकडा वहीत लिहिला.

मग तिने विचारलं, "आते माय दखाई का?"

मी तिला खरं सांगितलं. हा फोटो आत्ताचा नाही, उपग्रहाने आधी कधीतरी काढलेला आहे. यात शेत दिसतं, त्या शेतात आज कोण आहे ते दिसत नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली आणि मग एका हिरव्या चौकटीवर बोट ठेवून जागेवर जाऊन बसली. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. त्या दिवशी मला घरी जाऊन धड जेवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळा सुटल्यावर थांबली. आमची अहिराणी गोष्ट तिला वाचायची होती आणि ती आईला पाठवायची होती. मी फोनचा रेकॉर्डर लावला. हेही एक साधनच, प्रत्येक फोनमध्ये आधीपासून असलेलं आणि कुठल्याही प्रशिक्षणात कुणी न दाखवलेलं. तिने चार मिनिटं वाचलं. मध्ये दोनदा अडखळली, मागे जाऊन पुन्हा वाचलं. वर्गात ज्या मुलीचा आवाज मी महिनोन्महिने ऐकला नव्हता, ती एकही शब्द न गिळता वाचत होती. ते रेकॉर्डिंग मी मुकादमाच्या फोनवर पाठवलं. आईकडे स्वतःचा फोन नव्हता.

चार दिवसांनी रात्री पावणेदहाला उत्तर आलं. आधी ट्रॅक्टरचा आवाज, कुत्री, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. मग एका बाईचा आवाज, दमलेला आणि फोनच्या फार जवळ आलेला. त्यांनी लेकीचं ऐकलं होतं, दोनदा ऐकलं होतं, झोपडीतल्या बाकीच्या बायांनीही ऐकलं होतं. आणि शेवटी माझ्यासाठी एक प्रश्न होता: "मॅडम, मनी पोरले काय काय येस?"

माझ्या आयुष्यात मला इतका नेमका प्रश्न कुठल्या पालकांनी विचारलेला नाही. आणि तीन वर्षांपूर्वी विचारला असता तर मी 'हुशार आहे हो तुमची मुलगी' असं म्हणून सुटले असते.

मी फोन हातात घेऊन अंगणात आले आणि माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगू लागले. तुमच्या पोरीला वाचता छान येतं, ते तुम्ही ऐकलंच. अपूर्णांकात वाटेकरी वाढले की वाटा कमी होतो, हे तिला आता पक्कं कळलंय, आधी चुकत होतं. कोन येतात. भागाकारात वरून उतरवलेला शून्य ती अजून विसरते, त्यावर आम्ही या आठवड्यात बसणार आहोत. नकाशावर तिला तुमच्यापर्यंतचा रस्ता येतो, घाटासकट. आणि वर्गात नाही समजलं तर ती सांगते. सगळ्यांत आधी तिनेच सांगितलं.